दुखतंय म्हणण्याची मुभा

विठाबाई नारायणगावकरांची ती गोष्ट ठाऊक नाही असा माणूस महाराष्ट्रात विरळा. दिवस भरलेले, खेळ रंगात आलेला आणि मधेच कळा सुरू झाल्या. विठाबाई आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर जायला उभ्या राहिल्या, असं सांगितलं जातं. तमाशातल्या या थोर कलावतीला राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, तिच्या गळ्याची आणि अदाकारीची वाहवा झाली. पण लोकांच्या तोंडी राहिली ती नाळेची गोष्ट.

दुसरी गोष्ट सुधा चंद्रन यांची. मुंबईत वाढलेली, भरतनाट्यम शिकलेली ही मुलगी १९८१ साली तमिळनाडूत बस अपघातात सापडली. पायाची जखम चिघळली, गँगरिन झालं आणि पाय कापावा लागला. जयपूर फूट लावून १९८४ मध्ये ती पुन्हा रंगमंचावर उभी राहिली. पुढे तिच्या आयुष्यावरचा ‘नाचे मयूरी’ हा चित्रपट आला आणि तिचं नाव घरोघरी पोचलं.

या दोन्ही गोष्टी नृत्याच्या वर्गांत फार सांगितल्या जातात. पोटरीत गोळा आलेल्या, घोटा धरून खाली बसलेल्या मुलीला उभं करण्यासाठी त्या सांगितल्या जातात. ‘त्यांनी बघ काय सोसलं, आणि तू एवढ्याशानं बसलीस?’ बारा वर्षांची मुलगी यातून एकच अर्थ काढते. जी थांबते ती कच्ची.

पण गोष्टी नीट वाचल्या तर हा अर्थ निघत नाही. विठाबाईंना थांबण्याची सोय नव्हती. फडातल्या सगळ्या माणसांची पोटं त्या खेळावर होती. त्या प्रसंगात त्यांची कलेवरची निष्ठा दिसते तशीच कलावंताची हलाखीही दिसते, आणि त्या हलाखीचा धडा आपण पोटापाण्याची विवंचना नसलेल्या घरातल्या मुलींना देतो. सुधा चंद्रन तर दुखणं दाबून नाचल्याच नाहीत. त्या थांबल्या. कृत्रिम पायावर आधी उभं राहणं, मग चालणं, मग अडवू म्हणजे भरतनाट्यमच्या मूळ हालचाली, असं त्यांनी पहिल्यापासून शिकून घेतलं. तीन वर्षांचा तो काळ गोष्ट सांगताना एका वाक्यात उरकला जातो. खरं तर वर्गात सविस्तर सांगावा तो तोच.

हा लेख दुखापतींविषयी आहे, पण हाडं आणि स्नायू यांच्यापाशी तो थांबणार नाही. नाचणाऱ्या मुलामुलींच्या मनात काय चालतं आणि त्याचा त्यांच्या घोट्यांशी, गुडघ्यांशी, कमरेशी काय संबंध असतो, यावर गेल्या चार दशकांत जगभर बरंच काम झालं आहे. ते बहुतेक बॅले आणि आधुनिक नृत्यावर आहे. आपल्याकडे पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा शहरांत कथक आणि भरतनाट्यमचे वर्ग गल्लोगल्ली भरतात. त्या वर्गांपर्यंत यातलं फारच थोडं पोचलं आहे.

आधी शरीराचा हिशेब पाहू. सोसायटीचा हॉल किंवा बंगल्याचा तळमजला. खाली काँक्रीट, वर लादी. पाय अनवाणी, पायात शंभर-शंभर घुंगरू. तीनतालाचा तत्कार चालू आहे. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली, तर दुगुनात मिनिटाला २४० आघात होतात. दहा मिनिटांत २,४००. म्हणजे एकेका पायाचे बाराशे, आणि हे नुसतं पाय मोकळे करताना. त्यानंतर तोडे, तिहाया, चक्कर. चक्करांमध्ये सगळा भार पुन्हा पुन्हा एकाच टाचेवर फिरतो. भरतनाट्यममध्ये अरमंडीत गुडघे वाकवून तासन्‌तास राहायचं, त्याच स्थितीत पाय आपटायचे, पूर्ण बसून उठायचं. दुखणी येतात ती ठरलेल्या जागी: कंबर, गुडघा, नडगी, घोटा, टाच. लाकडी, किंचित लवचीक जमीन हा धक्का बराचसा स्वतःत घेते. लादी काहीच घेत नाही.

हाडावर असा भार पडला की त्यात अतिसूक्ष्म इजा होते. विश्रांती मिळाली की शरीर ती भरून काढतं आणि हाड आधीपेक्षा बळकट होतं. विश्रांती कमी पडली तर इजा साचत जाते आणि एक दिवस स्ट्रेस फ्रॅक्चर होतं. पडणं, घसरणं, मुरगळणं यापेक्षा अशी साचत गेलेली दुखणी नर्तकांमध्ये कितीतरी जास्त. इंग्लंडमधल्या तीन नामांकित बॅले शाळांतल्या २६६ विद्यार्थ्यांवर वर्षभर लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या एका वर्षात ७६ टक्के मुलांना दुखापत झाली होती आणि एकूण दुखापतींपैकी ७२ टक्के अतिवापराच्या होत्या. ही पूर्ण वेळ नाच शिकणारी, फिजिओथेरपिस्ट हाताशी असलेली मुलं. आपल्या मुली शाळा, क्लास आणि मग नाच असा दिवस काढतात.

मग प्रश्न असा की एकाच वर्गात, एकाच लादीवर, तितकेच तास नाचणाऱ्या दोघींपैकी एकीचाच पाय का दुखावतो? पायाची ठेवण, हाडांची घनता, आहार ही कारणं आहेतच. पण तेवढ्यानं हिशेब पुरा होत नाही.

१९८८ मध्ये मार्क अँडरसन आणि जीन विल्यम्स या अमेरिकी क्रीडामानसशास्त्रज्ञांनी एक मांडणी केली. क्रीडाक्षेत्रात ती आजही पायाभूत मानली जाते. खेळाडू कठीण प्रसंगाला सामोरा जातो तेव्हा त्याच्या अंगावर आयुष्यातले इतर ताणही असतात. घरातली आजारपणं, परीक्षा, मैत्रिणीशी झालेलं भांडण, आधीच्या दुखापतीची भीती. ताण वाढला की स्नायू नकळत आवळले जातात. नजरेचा आवाका आकसतो, कडेचं दिसेनासं होतं. लक्ष भलतीकडे जातं. आता हेच नर्तकीच्या बाबतीत पाहा. मांड्या आवळलेल्या, मनात पुढच्या तिहाईची धास्ती, शेजारच्या मुलीचा हात कुठे आहे ते नजरेत नाही, आणि चक्कर सुरू. पाऊल अर्धा इंच चुकीचं पडायला एवढं पुरतं. ताण पाय मोडतो असं यात कुणी म्हटलेलं नाही. पाय मोडेल अशी परिस्थिती ताणामुळे तयार होते, असं म्हटलं आहे. आणि ताण सोसायला माणसापाशी काय बळ आहे, आधाराला कोण आहे, यावर पुढचं ठरतं.

आधाराचा हा मुद्दा पुढे नर्तकांमध्येच तपासला गेला. अमेरिकेतल्या एका मोठ्या बॅले कंपनीतल्या नर्तकांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना जिवाभावाची माणसं कमी, त्यांच्यात आयुष्यातले ताण वाढले की दुखापतीही वाढल्या. ज्यांच्या मागे माणसं उभी होती, त्यांच्यात ताण आणि दुखापत यांचा असा मेळ दिसला नाही. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण यात मुलीला ‘मन घट्ट कर’ असा उपदेश नाही. तिच्या भोवतीच्या माणसांनी काय करायचं, ते यात आहे.

आपल्याकडे ताणाचं वेळापत्रक जवळपास ठरलेलं असतं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात, एक उन्हाळ्यात आणि एक दिवाळीनंतर. प्रारंभिकपासून सुरू झालेली मुलगी मध्यमा ओलांडून विशारदपर्यंत पोचते तेव्हा ती साधारण नववी-दहावीत असते. शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचे वाढीव गुण दहावीच्या निकालात मिळतात, त्यामुळे घरचा आग्रह असतो की दहावीच्या आत अमुक परीक्षा झालीच पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत शाळेची स्नेहसंमेलनं, वर्गाचा वार्षिक कार्यक्रम. भरतनाट्यम असेल तर अरंगेत्रम, म्हणजे पहिला जाहीर एकल कार्यक्रम. हॉल ठरलेला, साथीदार ठरलेले, दागिने भाड्यानं आणलेले, पत्रिका वाटून झालेल्या. कार्यक्रमाच्या आधीच्या पंधरवड्यात तालमीचे तास दुप्पट होतात, झोप निम्म्यावर येते, जेवण रिक्षात होतं. शरीराला आणि मनाला सर्वात जास्त विश्रांती हवी तेव्हाच ती सर्वात कमी मिळते. याच आठवड्यांत पाय दुखावतात आणि याच आठवड्यांत ते सांगणं मुलीला सर्वात अवघड जातं. एवढा खर्च झालेला असताना ‘माझी नडगी दुखते’ असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

यात वयाची भर पडते. मुलींची उंची साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी सर्वात झपाट्यानं वाढते. हाडं आधी लांबतात, स्नायू आणि कंडरा मागून येतात. त्यामुळे अंग आखडतं, टाचेच्या आणि गुडघ्याच्या हाडांना जिथे कंडरा जोडलेल्या असतात तिथे ओढ बसून दुखायला लागतं. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा या काळात नाजूक असतात. हातपाय लांबलेले, गुरुत्वमध्य सरकलेला, मेंदूतला शरीराचा नकाशा मात्र जुनाच. परवापर्यंत नेमक्या समेवर येणारे चक्कर आता डळमळतात. अरमंडी खोल बसत नाही. पाय पूर्वीसारखा वर जात नाही.

मुलीला यातलं काहीच ठाऊक नसतं. तिला एवढंच दिसतं की आपल्याला येत होतं ते येईनासं झालं. वर्गातल्या ताई म्हणतात, ‘लक्ष कुठंय तुझं? रियाज कमी पडतोय.’ आई म्हणते, ‘मोबाईल कमी कर.’ मग ती रियाज वाढवते. ज्या महिन्यांत भार उतरवायला हवा त्याच महिन्यांत ती तो वाढवते, आणि तेही आपण कमी पडतो आहोत या भावनेनं. शरीर आणि मन एकमेकांना असं खाली ओढत असताना कुणीतरी मोठ्या माणसानं शांतपणे सांगायला हवं की तुझी उंची वाढते आहे, सहा महिने-वर्षभर असं होणार, नंतर सगळं परत येईल. ज्या वर्गात दर तीन महिन्यांनी मुलींची उंची भिंतीवर खुणेनं मोजून वहीत लिहिली जाते, त्या वर्गात हे सांगायला पुरावा असतो. खर्च एका पेन्सिलीचा आहे.

याच वयात वजनावरून बोलणं सुरू होतं. वेशभूषा ठरवताना, पहिल्या रांगेत कोण आणि मागे कोण हे ठरवताना, फोटो पाहताना. मुलगी जेवण कमी करते, पाळी लांबते किंवा येतच नाही, आणि घरात कुणाला त्यात काळजीचं कारण दिसत नाही. १९८६ मध्ये मिशेल वॉरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७५ तरुण बॅले नर्तकींची पाहणी प्रसिद्ध केली. सुमारे एक चतुर्थांश जणींच्या कण्यात बाक होता, आणि पाळी उशिरा येणं, मधेच बंद होणं यांचा संबंध हाडं मोडण्याशी दिसला. कमी खाऊन जास्त नाचलं की शरीर हाडांच्या बांधणीतही कपात करतं. पाळी तीन महिने चुकली तर ती नृत्याच्या वर्गाशीही संबंधित बाब आहे, आणि आई-ताईंनी मिळून डॉक्टरांकडे जाण्याची बाब आहे.

आता ‘हुशार’ मुलीकडे वळतो, कारण या विषयातला सर्वात अवघड भाग तो आहे.

वर्गात पहिल्या रांगेत कोण उभी असते? वेळेआधी येणारी, वेळेनंतर थांबणारी. एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं न लागणारी. उलट न बोलणारी. चूक दाखवली की डोळ्यांत पाणी आलं तरी तोंड फिरवून तोच तोडा दहा वेळा करणारी. गुरूंच्या डोळ्यांत ती भरते, आणि भरावीच. या गुणांशिवाय शास्त्रीय नृत्य येत नाही. पण याच गुणांमुळे ती दुखणं लपवण्यातही हुशार असते. जी मुलगी सहज बसकण मारते तिचं दुखणं पहिल्याच दिवशी कळतं. पहिल्या रांगेतलीचं कळतं तेव्हा बहुधा लंगडणं सुरू झालेलं असतं.

कॅनडात मॉन्ट्रियलच्या रॉबर्ट व्हॅलरँड यांनी २००३ मध्ये ओढीचे दोन प्रकार मांडले. एका प्रकारात माणूस आवडीची गोष्ट मनापासून करतो, पण ती त्याच्या आयुष्यातल्या बाकीच्या गोष्टींबरोबर नांदते. तो ती बाजूला ठेवू शकतो. दुसऱ्या प्रकारात ती गोष्ट माणसाला धरून ठेवते. ती केली नाही तर आपण कुणीच नाही, असं त्याला वाटतं. पुढे २००६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नृत्याच्या ८० विद्यार्थ्यांमध्ये ही मांडणी तपासली. पहिल्या प्रकारची ओढ असणाऱ्यांना नव्या दुखापतींचा त्रास कमी झाला आणि त्यांनी दुखापतीची काळजीही नीट घेतली. दुसऱ्या प्रकारच्या ओढीत जुनाट दुखणी लांबली. उपचाराला जाण्यात आणि थांबण्यात स्वाभिमान आडवा आला.

हे वाचताना सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो की मुलीची ओढ कुठल्या प्रकारची आहे ते तपासून घ्यावं आणि चुकीची असेल तर तिला समजवावं. मला तो निष्कर्ष मान्य नाही. ओढ मुलीच्या मनात एकटी वाढत नाही. ज्या घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यापुढे तिला नाचून दाखवावं लागतं, जिथे तिची ओळखच ‘आमची कथकवाली’ अशी करून दिली जाते, ज्या वर्गात चार दिवस न आलेल्या मुलीची जागा दुसरीला दिली जाते आणि परत आल्यावर तिच्याशी कुणी बोलत नाही, तिथे नाच थांबणं म्हणजे आपण नाहीसं होणं असंच मुलीला वाटणार. परिपूर्णतेच्या हट्टाचंही तसंच. आपलं काम उत्तम व्हावं असं वाटणं निराळं. चुकलं तर लोक काय म्हणतील, ताई बोलेनाशा होतील या धाकानं झुरणं निराळं. पहिलं कलावंताला घडवतं, दुसरं त्याला आजारी पाडतं, आणि दुसरं बहुतेक वेळा आजूबाजूच्या माणसांनीच दिलेलं असतं.

ब्रिटनमध्ये २००४ पासून सरकारच्या मदतीनं होतकरू मुलांसाठी नृत्य प्रशिक्षण केंद्रं सुरू झाली. पहिलं केंद्र लंडनच्या लाबान संस्थेत होतं. शाळा न सोडता, आठवड्याच्या शेवटी आणि सुट्ट्यांमध्ये ही मुलं तिथे शिकतात, म्हणजे आपल्या वर्गांशी त्यांचं थोडंफार साम्य आहे. एमा रेडिंग, सॅना नॉर्डिन-बेट्स आणि इमोजेन वॉकर यांनी या केंद्रांतल्या मुलांचा काही वर्षं अभ्यास केला. अहवाल २०११ मध्ये आला. शरीराची मोजमापं, आत्मविश्वास, वर्गातलं वातावरण, खाण्याच्या सवयी, दुखापती, सगळं एकत्र पाहिलं. मधेच नाच सोडून गेलेल्या मुलांना कारणं विचारली तेव्हा वेळेची ओढाताण, बदललेली स्वप्नं, अभ्यासक्रम न आवडणं, मैत्री न जमणं आणि ओढ संपणं ही मुख्य कारणं निघाली. दुखापत हे कारण थोड्यांनीच दिलं. मला यात असं दिसतं की दुखापत झाली म्हणून अशी मुलं नाच सोडत नाहीत. दुखापत घेऊन ती वर्गातच असतात. तेव्हा ती शोधण्याचं काम शिकवणाऱ्यांचं आहे.

शिकवण्याच्या पद्धतीविषयी युरोपात गेल्या काही वर्षांत फार कडवट गोष्टी बाहेर आल्या. व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेराच्या बॅले अकादमीतले छळाचे प्रकार २०१९ मध्ये उघडकीस आले. सप्टेंबर २०२३ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमात ब्रिटनमधल्या दोन प्रख्यात बॅले शाळांच्या माजी विद्यार्थ्यांनी शरीरावरून झालेल्या अपमानाबद्दल आणि त्याच्या परिणामांबद्दल सांगितलं. आपल्याकडच्या गुरूंना त्या पंक्तीला बसवायचा माझा हेतू नाही. मराठी मुलखात शास्त्रीय नृत्य रुजलं ते ज्यांनी आयुष्य वेचलं त्या बायकांमुळे. रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये पुण्यात नृत्यभारती सुरू केली तेव्हा चांगल्या घरातल्या मुलींनी नाचणं हेच धाडस होतं. मुंबईत कनक रेळे यांनी नालंदा या नृत्यमहाविद्यालयात शरीराच्या हालचालींचा शास्त्रशुद्ध अभ्यास नृत्यशिक्षणात आणला. विचार करणाऱ्या गुरूंची परंपरा आपल्याकडे आहे. पण गुरूपुढे शिष्यानं बोलायचं नाही ही परंपराही आहे, आणि दुखापतीच्या बाबतीत ती घातक आहे. ताल, अंग, अभिनय यांत गुरूचा शब्द शेवटचा असावा. नडगी दुखते की नाही, यात मुलीचाच शब्द शेवटचा असायला हवा.

दूरचित्रवाणीवरच्या नृत्यस्पर्धांबद्दल थोडंच लिहितो. तिथे निदान कायदा आहे. बालकामगार कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त राबवता येत नाही. तो कितपत पाळला जातो हा वेगळा विषय. पण वार्षिक कार्यक्रमाआधीच्या रविवारी सकाळी नऊ ते रात्री आठ तालीम करणाऱ्या वर्गाला कुठलाच नियम लागू नाही. तिथे पालक आणि गुरू यांचं तारतम्य हेच एक बंधन.

मग करायचं काय? विश्रांती घ्या, असं डॉक्टर सांगतात आणि मुलगी घरी बसते. जिची सगळी ओळख नाचात आहे तिला घरी बसवणं ही शिक्षाच. मैत्रिणी पुढे जातात, नवीन तोडा शिकवला जातो, तिचं मन वर्गाच्या खिडकीत अडकलेलं. पुरतं बरं होण्याआधीच ती परत येते आणि तीच जागा पुन्हा दुखावते. यावरचं उत्तर आपल्याच परंपरेत आहे आणि बॅलेच्या शाळांना हेवा वाटावा असं आहे.

कथकमध्ये पढंत आहे. हातानं ताल देत, बोल तोंडानं म्हणायचे. ज्या मुलीचा घोटा पट्टीत आहे ती तबल्याशेजारी बसून पढंत करू शकते. धातिटधा, तिटधाधा हे तोंडून स्पष्ट निघालं, समेवर अचूक आलं, की पायात ते अर्धं उतरलेलंच असतं. चांगली पढंत करणारी मुलगी वर्गात कमी आणि मोलाची. तिला दोन महिने ती जागा द्या. ती वर्गातच असते, नवीन रचना तिच्या कानावर पडते, ताईंची नजर तिच्यावर असते आणि पायाला पूर्ण आराम मिळतो. भरतनाट्यममध्ये नट्टुवांगम आहे. झांजा हातात घेऊन सोल्लुकट्टू, म्हणजे नाचाचे बोल, म्हणणं ही स्वतंत्र विद्या आहे, आणि ती बसूनच करायची असते. अभिनय आहे. लखनौ घराण्यातली बसून भाव दाखवण्याची परंपरा मोठी आहे. आणि आपल्या मातीत बैठकीची लावणी आहे. यमुनाबाई वाईकर जागेवर बसून डोळे, मान, भुवया आणि हात यांनी लावणी उभी करायच्या. २०१२ मध्ये पद्मश्री मिळालेल्या या कलावतीची ती अदा पाहिलेला माणूस बसून नाचता येत नाही असं म्हणणार नाही.

मनातल्या मनात रचना पाहणं हाही सराव आहे. दक्षिण कोरियात यंग-उन नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॅले नर्तकींच्या एका छोट्या गटाला बारा आठवडे अंग सैल सोडण्याचं तंत्र, हालचाल डोळ्यांपुढे आणणं आणि स्वतःशी नीट बोलणं शिकवलं. त्यांचा अभ्यास २००७ मध्ये आला. ज्यांना ही तिन्ही कौशल्यं मिळाली त्यांचा दुखापतीत जाणारा काळ कमी झाला. गट लहान होता, त्यामुळे यावर मोठा इमला रचता येणार नाही. पण वर्ग संपताना पाच मिनिटं मुलींना डोळे मिटून बसवायला आणि आजची रचना मनात पुन्हा नाचायला लावायला त्या अभ्यासाचीही वाट पाहायला नको.

वर्ग चालवणाऱ्या ताई-सरांना माझी विनंती आहे. दिवाळी आटोपली की तालमी सुरू होतील, सत्र परीक्षेचं असेल. त्याआधी एकेका मुलीला बाजूला घेऊन, इतरांसमोर नको, कुठे दुखतं का ते विचारा, आणि ‘हो’ म्हणणारीची जागा जाणार नाही हे आधी सांगून मग विचारा. आईवडिलांपुढे विचाराल तर उत्तर वेगळं येईल. तालमीच्या दिवसांत आठवड्यातून एक दिवस पाय पूर्ण बंद ठेवा, त्या दिवशी पढंत घ्या. पहिल्या रांगेतली मुलगी दोन महिने बसणार असेल तर ती पहिल्या रांगेतच बसू दे.

आणि पालकांना. सरावानं अंग दुखतं ते बहुधा दोन्ही पायांत, आणि दोन-तीन दिवसांत कमी होत जातं. त्याला घाबरू नका. पण एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, आठवडाभर राहिलं असेल, रात्री झोपेतून जागं करत असेल, चाल बदलली असेल, तर मलम चोळत बसू नका, अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या. स्ट्रेस फ्रॅक्चर पहिल्या आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे चांगला आला म्हणून नाचायला सोडू नका. डॉक्टरांना ती किती तास नाचते ते सांगा. मंडळाचं पुढचं सत्र सहा महिन्यांनी आहे. फॉर्म तेव्हाही भरता येतो.